फोटोतला रंग बदलायचाय? आधी उजेड बघा

वाचकहो, या महिन्यात आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, फोटोतल्या एका वस्तूचा रंग बदलायचा आणि बाकी फोटो जसाच्या तसा ठेवायचा. कुणाला साडीचा, कुणाला फेट्याचा, कुणाला घराचा. म्हणून हा अख्खा अंक त्यालाच दिलाय. नावं छापत नाही, गावं तेवढी दिलीयत.

प्रश्न : मी नाशिकला घरूनच साड्या विकते. येवल्याहून सेमी पैठणीचा एकाच रंगाचा फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं की बाकी रंग उपलब्ध. गिऱ्हाईक म्हणतं जांभळी दाखवा, पिवळी दाखवा. मी मोबाईलवर एका अ‍ॅपमध्ये हिरव्या साडीची जांभळी केली तर काठाची जर पण निळसर झाली आणि हात पण कसेतरी दिसायला लागले. नीट कसं करायचं?

उत्तर : ताई, तुम्ही जी पट्टी सरकवली ती ह्यूची. ह्यू म्हणजे रंगाचं एक गोल चाक समजा, ३६० अंशांचं, त्यात लाल ० वर, पिवळा ६० वर, हिरवा १२० वर, निळा २४० वर. हिरव्याची जांभळी करायला तुम्ही चाक साधारण १५० अंश फिरवलं, आणि चाक फिरलं की फोटोतले सगळेच रंग तेवढेच फिरतात. जरीचा सोनेरी रंग ४५ च्या आसपास असतो, तो गेला १९५ वर, म्हणजे बरोब्बर निळसर. हात पण तसेच. अ‍ॅपचं काही बिघडलं नाही, त्याला कुणी सांगितलंच नाही की फक्त हिरव्याला हात लाव.

ते सांगायचं कसं, तर फोटोपी नावाची साइट आहे, फुकट आहे, ब्राउझरमध्ये उघडते, मोबाईलवरही चालते (स्क्रीन लहान पडते पण भागतं). तिथे लेयर (फोटोवर ठेवायचा थर) मेनूतून अ‍ॅडजस्टमेंट लेयर घ्यायचा, ह्यू-सॅच्युरेशनचा, आणि वर जिथे मास्टर लिहिलंय तिथे ग्रीन्स निवडायचं. आता चाक फिरवलं तर फक्त हिरवं फिरेल, काठाची जर जागेवर राहील. फोटोशॉप असेल तर हेच, शब्दही तेच. पण साडी पोपटी असेल तर ती यलोजमध्ये पण निम्मी जाते आणि काठाची जर परत सापडते कचाट्यात, अशा वेळी मास्क लावण्याला पर्याय नाही. मास्क म्हणजे त्या लेयरला जोडलेला काळा-पांढरा कागद, पांढरं तिथे बदल दिसतो, काळं तिथे दिसत नाही. काळ्या ब्रशने काठावरून आणि हातावरून फिरवायचं. वेळखाऊ आहे पण एकदा केलं की त्याच मास्कवर बाकीचे रंग काढता येतात.

आता खरी अडचण. रंग बदलला तरी साडी खोटी दिसते, आणि का दिसते ते कळत नाही. कारण प्रत्येक रंगाचा स्वतःचा एक उजळपणा असतो. स्क्रीनवरच्या पांढऱ्याचा उजेड १०० धरला तर शुद्ध पिवळ्याचा ९३ च्या आसपास येतो आणि शुद्ध निळ्याचा जेमतेम ७! ह्यूची पट्टी हे बघत नाही, तिच्या हिशोबात दोघे सारखेच उजळ. म्हणून बाटली-हिरव्याची पिवळी करायला गेलात की निऱ्यांच्या सावल्या चिखलासारख्या होतात, कारण पिवळा गडद केला की तो पिवळा उरतच नाही, डोळ्याला तो मेंदी नाहीतर तपकिरी वाटतो. पिवळ्यासाठी वर कर्व्ह्जचा लेयर लावून साडी उजळ करायची, जांभळ्यासाठी उलटं, थोडी उतरवायची. रंग बदलला की उजळपणा पण बदलायला लागतो, हे एवढं लक्षात राहिलं तरी निम्मं काम झालं.

आणि पैठणीत अजून एक गंमत आहे जी मला फार आवडते आणि इथे तीच आडवी येते. बऱ्याच पैठण्यांत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, म्हणून पदर हलवला की रंग बदलल्यासारखा वाटतो, धूपछाँव म्हणतात ते. हिरव्यात लाल असेल तर घडीवर लाल चमक येते. तुम्ही हिरवं फिरवलंत तर उभ्या-आडव्याचा तो मेळ मोडतो आणि फोटोत अशी साडी तयार होते जी कुठल्याही मागावर विणलेली नाही. पदरावरचे मोर, मुनिया यांच्या हिरव्या पंखांचंही तेच, साडीबरोबर तेही जांभळे. हल्ली एआयला नुसतं लिहून सांगितलं की तो रंग बदलून देतो, पण तो रंग बदलत नाही, तेवढा भाग नव्याने काढतो. नारळी काठ त्याला माहीत नसतो, तो तसंच काहीतरी काढून ठेवतो, मोराची मान वेगळी, बुट्ट्यांचं अंतर वेगळं.

म्हणून ताई, स्पष्ट सांगतो. कसं करायचं ते वर सांगितलं, पण हे फोटो विक्रीला लावू नका. गिऱ्हाईक फोटो बघून पाच-सहा हजार पाठवतं, त्याच्या हातात फोटोतलाच रंग पडला पाहिजे. व्यापाऱ्याकडून प्रत्येक रंगाचा फोटो मागा, हक्काने मागा. दारात किंवा खिडकीत, ऊन थेट पडत नाही अशा जागी, ट्यूबलाइट बंद करून, साडीशेजारी एक पांढरा कोरा कागद ठेवून काढायला सांगा. तो कागद तुमच्या स्क्रीनवर पांढरा दिसेपर्यंत व्हाइट बॅलन्स हलवा, साडीचा रंग बऱ्यापैकी खरा येतो.

प्रश्न : सांगलीत लग्नाचे फोटो काढतो. नवरदेवाचा फेटा राणी कलरचा होता, घरच्यांना आता अल्बममध्ये भगवा पाहिजे कारण बाकी सगळ्यांचे भगवे आहेत. फोटोशॉपमध्ये रेड्स घेऊन फिरवलं तर चेहरा पिवळा पडतो. मास्क लावला तरी काहीतरी चुकतंय, फेटा चिकटवल्यासारखा वाटतो.

उत्तर : दादा, चेहरा का पिवळा पडतो ते आधी. माणूस गोरा असो सावळा असो, त्वचेचा ह्यू साधारण १५ ते ३५ अंशांत येतो, म्हणजे लाल आणि केशरीच्या मधे. फोटोशॉपमधले रेड्स ० च्या दोन्ही बाजूला १५ अंश पूर्ण धरतात आणि पुढे ४५ पर्यंत विरत जातात, म्हणजे चेहरा आला की त्यात. ओठ आला, कपाळावरचं कुंकू आलं. राणी रंग असतो ३३० च्या आसपास, म्हणून रेड्स घेण्यापेक्षा मॅजेंटाज घ्या आणि आयड्रॉपरने फेट्यावर क्लिक करा, रेंज सरकून तिथे येईल. खालचे ते छोटे सरकते काटे ओढून रेंज अरुंद करा. मग ह्यू साधारण ६० ने पुढे. चेहऱ्याला मास्क तरीही लावाच, पण आता तो अगदी केसाएवढा नेमका नसला तरी चालतो.

चिकटवल्यासारखा का वाटतो, तर तुम्ही फेटा बदललात पण फेट्याने बाकीच्यांवर टाकलेला रंग बदलला नाहीत. ओरिजिनल फोटो शंभर टक्क्यांवर उघडून नवरदेवाचं कपाळ बघा, फेट्याच्या कडेखाली गुलाबी झाक दिसेल. कानाच्या पाळीवर दिसेल, शेमला मानेवरून आला असेल तर मानेवर आणि शेरवानीच्या खांद्यावर दिसेल, क्रीम रंगाची शेरवानी असेल तर चांगलीच दिसेल. कापडावर पडलेला उजेड कापडाचा रंग घेऊन शेजारी सांडतो. तर अजून एक ह्यू-सॅच्युरेशनचा लेयर घ्या, मास्क पूर्ण काळा करा आणि मोठ्या मऊ ब्रशने १५-२० टक्के ओपॅसिटीने त्या झाकेवरून पांढरं फिरवा, गुलाबी मारा आणि अगदी किंचित केशरी येऊ द्या. हे केलं की फेटा डोक्यावर बसतो. बहुतेक जण हे सोडतात आणि मग तासन् तास कडा घासत बसतात, कडेत दोष नसतोच.

भगवा राणीपेक्षा उजळ असतो तेव्हा कर्व्ह्जने थोडा वर घ्या, पण फेट्याच्या चुण्यांमधल्या सावल्या धरून ठेवा. आणि एक विनंती, ओरिजिनल फाइल्स घरच्यांना वेगळ्या फोल्डरमध्ये द्या. आज भगवा पाहिजे, वीस वर्षांनी त्यांच्या मुलांना खरा कोणता होता ते बघावंसं वाटेल.

प्रश्न : कुडाळजवळ आमचं जुनं घर आहे, चिऱ्याचं, बाहेरून चुन्याने पांढरं. यंदा पावसाळ्यानंतर रंग काढायचाय. भाऊ मुंबईला, बहीण शारजाला, सगळ्यांना फोटोत रंग दाखवून ठरवायचंय. ह्यूची पट्टी सरकवली तर भिंतीला काही होतच नाही.

उत्तर : होणारच नाही, पांढऱ्याला फिरवायला रंगच नाही त्यात. पण तुम्हाला माहितीये का, या सगळ्या प्रश्नांमध्ये तुमचं काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात खरं होणारं आहे, आणि मला हा भाग सांगायला फार आवडतो.

पांढरी भिंत तिच्यावर पडलेला जवळजवळ सगळा उजेड परत पाठवते, सगळ्या रंगांचा सारखाच. म्हणजे तुमच्या फोटोत भिंतीची म्हणून जी जागा आहे ती खरं तर उजेडाची नोंद आहे. सकाळी कोवळं ऊन असेल तर भिंत पिवळसर आली असेल, पागोळीखाली सावलीत आभाळाचा निळा आला असेल, अंगणातल्या तांबड्या मातीवरून उसळलेला उजेड खालच्या हातभर भागात तांबूस आला असेल. आता रंग म्हणजे काय, पडलेल्या उजेडातला किती लाल, किती हिरवा, किती निळा परत पाठवायचा याचं प्रमाण. म्हणून उजेडाला त्या प्रमाणाने गुणलं की रंगवलेली भिंत मिळते. आणि लेयरचा मल्टिप्लाय मोड नेमकं हेच करतो, गुणाकार! फोटोपीत किंवा फोटोशॉपमध्ये फोटोच्या वर एक सॉलिड कलरचा लेयर घ्या, शेडकार्डावरच्या रंगाच्या जवळचा रंग भरा, मोड नॉर्मलचा मल्टिप्लाय करा, आणि मास्क लावून चौकटी, गज, कौलं, झाडं सोडून द्या. पागोळीची सावली, गिलाव्याचा खडबडीतपणा, सगळं आपोआप नव्या रंगात उतरतं. भिंत आधी ग्रे करू नका, लोक व्हिडिओ बघून करतात. त्या पिवळ्या-निळ्या झाकांमुळेच खरं वाटणार आहे.

फक्त शेवाळाचे काळे पट्टे पण गुणले जातात, नवा रंग दिलेल्या भिंतीवर शेवाळ दिसेल. ते आधी हीलिंग ब्रशने काढून घ्या. चुना जुना होऊन पिवळा पडला असेल तर तोही उजेड नाही, डागच आहे, तेवढं थोडं न्यूट्रल करून घ्यायला हरकत नाही. आणि मल्टिप्लायने भिंत जरा काळवंडलेली वाटली तर कारण साधं आहे, कॅमेऱ्यात चुना पूर्ण पांढरा आलेला नसतो, लेव्हल्सने भिंतीपुरतं उजळ करा.

फोटो दोन काढा, एक उन्हातला, एक ढगाळ दिवसाचा, आणि दोन्हीवर तोच रंग लावून बघा. शेडकार्डावर सौम्य वाटणारा पिवळा अख्ख्या भिंतीवर भडक वाटतो आणि ओसरीसमोर असेल तर तो ओसरीच्या छताला पण पिवळं करतो, हे फोटोत आलेलं नसेल. म्हणून फोटोवरून दोन-तीन रंग पक्के करा, मग त्यांचे छोटे डबे आणून खऱ्या भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवा, एक उन्हाच्या बाजूला, एक सावलीच्या. त्यांचा फोटो शारजाला पाठवा. मोबाईलवर प्रत्येकाला रंग वेगळा दिसणारच, तेव्हा शेडकार्डाचा नंबर पण बरोबर लिहा, तिथे त्याच कंपनीचं कार्ड मिळालं तर बघतील.

प्रश्न : काळ्या कुर्तीची पांढरी करता येते का? सगळे म्हणतात सोपंय, मला तीनदा करून राखाडी चिखलच मिळाला. (अमरावती)

उत्तर : सोपं नाही. पांढऱ्याचा काळा सहज होतो, वरच्या उत्तरातला गुणाकारच. उलटं करायला जे पाहिजे ते फोटोत नसतंच. काळं कापड उजेडाचा शंभरातला चार-पाच भागच परत पाठवतं, त्यात घड्या-सावल्यांची माहिती अगदी पुसट, आणि ती वर ओढली की तिच्याबरोबर नॉइजही (दाणेदार ठिपके) वर येतो. शिवाय काळं कापड चमकलं तर त्याची चमक दिसते आणि पांढऱ्या कापडाच्या सावल्या दिसतात, दोन्हींचा आकार डोळ्याला वेगवेगळ्या खुणांवरून कळतो. रॉ फाइल (कॅमेऱ्याची न दाबलेली मूळ नोंद) असेल तर कर्व्ह्जने फिक्क्या राखाडीपर्यंत जा आणि तिथे थांबा. शुभ्र पाहिजे तर शुभ्र कुर्तीचा फोटो काढा.

प्रश्न : कोल्हापूरहून. बागेतल्या लाल जास्वंदीचा रंग निळा केला, प्रोजेक्ट आहे कॉलेजचा. पाकळ्यांच्या कडेला चौकोनी ठिपके आले आणि पाकळीवरच्या शिरा गायब. फोटो मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला.

उत्तर : यात दोन वेगळ्या गोष्टी झाल्यायत.

चौकोनांचं आधी. जेपीजी फाइल उजळपणा आणि रंग वेगवेगळे साठवते. आपल्या डोळ्याला उजळपणातला बारीक फरक लगेच कळतो, रंगातला तेवढा कळत नाही, म्हणून जेपीजीत बहुतेक वेळा चार पिक्सेल मिळून रंगाची एकच नोंद ठेवतात. नुसतं बघताना काहीच कळत नाही. पण तुम्ही रंगच उपटून दुसरा लावायला गेलात की ती जाडीभरडी नोंद उघडी पडते, आणि लाल फूल हिरव्या पानावर, म्हणजे रंगाची सगळ्यात तीव्र सीमा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की फोटो पुन्हा दाबला जातो आणि हे अजून वाढतं. मित्राला सांगा ओरिजिनल डॉक्युमेंट म्हणून पाठव. जमलं तर रॉ काढायला सांगा, हल्ली बऱ्याच फोनमध्ये सोय असते. मूळ फोटोतही लाल रंगाची माहिती तशी कमीच, कारण कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलसमोर एकच रंगाची काच असते, निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांची ही रचना, १९७६ चं पेटंट, आणि आजही बहुतेक सगळे कॅमेरे तीच वापरतात. उरलेले रंग कॅमेरा शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतो.

शिरा जातात त्याचं कारण वेगळं. जास्वंदीचा लाल इतका दाट असतो की लाल चॅनल २५५ ला जाऊन टेकतो, त्याच्या पुढे जागाच नाही, त्यामुळे अख्खी पाकळी एकसारखी. रंग बदलून शिरा परत येणार नाहीत. उद्या परत फोटो काढाल तेव्हा सावलीत काढा आणि एक्स्पोजर थोडं खाली घ्या, फोटो जरा काळपट वाटला तरी चालेल. आणि निळा करताना मास्कची कड एक-दोन पिक्सेल मऊ ठेवा. पूर्ण सरळ निळा न करता जांभळ्याकडे झुकणारा घ्या, उजळपणा जास्त ओढाताण न करता जुळतो.

प्रश्न : लिनक्स वापरते, फोटोशॉप नाही. गिम्पमध्ये होईल का सगळं? (पुणे)

उत्तर : होईल. कलर्स मेनूत ह्यू-सॅच्युरेशन आहे, आणि त्याच मेनूत मॅपच्या आत रोटेट कलर्स आहे, ते मला जास्त आवडतं कारण चाकाचा कुठला तुकडा कुठे न्यायचा ते प्रत्यक्ष गोलावर ओढून दाखवता येतं. लेयर मोडमध्ये एलसीएच कलर बघा, २०१८ च्या २.१० पासून आहे, तो डोळ्याला दिसणारा उजळपणा सांभाळून रंग बदलतो, पहिल्या उत्तरातला पिवळ्या-निळ्याचा घोळ तिथे खूप कमी होतो. जुनी आवृत्ती असेल तर अपडेट करा, मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० पासून फिल्टर लावल्यावरही नंतर परत उघडून बदलता येतो, मूळ फोटो तसाच राहतो. हे आधी नव्हतं आणि याच एका गोष्टीसाठी लोक गिम्प सोडून जायचे.

प्रश्न : नागपूर जिल्ह्यात संत्र्याची बाग आहे, आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीचा फुलोरा. फळ आतून गोड तयार आहे पण साल अजून हिरवी. व्यापारी फोटो मागतात, फोटो बघून भाव पाडतात. मुलगा म्हणतो मोबाईलवर हिरव्याचं केशरी करतो दोन मिनिटांत.

उत्तर : काका, दोन मिनिटांत होईल खरं, लाइटरूमच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये कलर मिक्स आहे, त्यात हिरवा पिवळ्याकडे ढकलला आणि पिवळा केशरीकडे की झालं. तरी करू नका. तुमचा राग मला कळतो, कारण फळात खोट नाहीये. सालीतला हिरवा रंग जायला रात्रीचा गारवा लागतो, आणि आंबिया निघतो ऑक्टोबर ते डिसेंबर, सुरुवातीच्या तोडणीला तेवढी थंडी पडलेलीच नसते. मृग बहाराला (जून-जुलैच्या फुलोऱ्याला) थंडी मिळते म्हणून तो रंगतो. म्हणजे साल हिरवी आणि आत रस तयार, हे आंबियात होतंच. पण रंगवलेला फोटो बघून व्यापारी बागेत आला आणि झाडावर हिरवी फळं दिसली, तर तो गोडीवरही विश्वास ठेवणार नाही, आणि तुमची बाजू खरी असूनही तुम्हालाच खाली बघावं लागेल.

त्यापेक्षा असा फोटो पाठवा. पाच-सहा फळं वेगवेगळ्या झाडांवरची, सालीसकट आणि शेजारी आडवी चिरून, सावलीत, पांढऱ्या कागदावर. रिफ्रॅक्टोमीटर मिळत असेल, गावात कृषी सेवा केंद्रात किंवा शेतकरी कंपनीत बहुधा असतो, तर रसाचा एक थेंब टाकून ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) बघा आणि काचेतून दिसणाऱ्या आकड्याचाही फोटो त्याच मेसेजमध्ये जोडा. तारीख लिहा, किती झाडं आणि साधारण किती माल तेही लिहा. मुलाला एवढंच करू द्या की कागद पांढरा दिसेल असा व्हाइट बॅलन्स लावायचा, म्हणजे चिरलेल्या फोडीचा केशरी रंग जसा आहे तसा त्यांना दिसेल.